फ्रेंच क्रियापद चालवताना : वर्तमानकाळाची एक उजळणी

पांझरा नदी ओलांडून धुळे शहराच्या उत्तरेकडील भागात आले की देवपूर लागते. शाळा-महाविद्यालयांमुळे या वस्तीत विद्यार्थ्यांचा राबता नेहमीचाच. याच देवपुरात शेजारची एक विद्यार्थिनी एके सायंकाळी फ्रेंचची वही घेऊन प्रस्तुत लेखकाकडे आली. पुण्याला जाऊन फ्रेंचची प्राथमिक परीक्षा देण्याचा तिचा मानस होता. पुस्तक इंग्रजीतून होते व धडा वर्तमानकाळाचा. तिने पहिलाच प्रश्न विचारला, "काका, 'मी बोलतो' याचे फ्रेंच रूप दिले आहे. पण मी तर मुलगी. 'मी बोलते' असे म्हणायचे असेल तर कोणते रूप घ्यायचे?"

प्रश्न साधा, पण फार मोलाचा होता. कोणत्याही इंग्रजी पुस्तकात त्याचे उत्तर सापडणार नाही. कारण इंग्रजी भाषकाला असा प्रश्न पडतच नाही. तो मराठी भाषकालाच पडतो. परकी भाषा शिकताना आपण आपल्या भाषेच्या सवयी बरोबर घेऊन जातो. त्यांपैकी कोणत्या सवयी उपयोगी पडतात व कोणत्या आड येतात, हे वेळीच ओळखले तर निम्मा अभ्यास सोपा होतो. फ्रेंच वर्तमानकाळाची उजळणी या दृष्टीने करावी, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. फ्रेंच शब्द येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले असून रोमन अक्षरांचा उल्लेख त्यांच्या परिचित इंग्रजी नावांनी केला आहे. 'ज्य' मधील 'ज' हा इंग्रजी 'प्लेझर' या शब्दातील मधल्या व्यंजनासारखा उच्चारावा. शेवटचा अनुस्वार हिंदीतील 'मैं' प्रमाणे नाकातून काढावा.

रूपे किती?

आपल्याकडे धातू 'चालवण्या'ची परंपरा जुनी आहे. संस्कृत व्याकरणात चालवलेल्या क्रियापदाला 'तिङन्त' म्हणतात. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी मराठीच्या क्रियापदांचा 'तिङन्तविचार' केला. त्यांचे निधन ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यातच झाले आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ १९२७ मध्ये याच शहरात उभे राहिले. क्रियापदाची रूपे ही केवळ घोकण्याची बाब नसून तिच्यामागे भाषेचा इतिहास असतो, हा विचार धुळ्याला नवा नाही.

प्रथम आपले घर पाहू. प्रमाण मराठीत 'करणे' या क्रियापदाची साध्या वर्तमानकाळातील रूपे अशी : मी करतो किंवा करते, तू करतोस किंवा करतेस, तो करतो, ती करते, आम्ही करतो, तुम्ही करता, ते करतात. एकंदर सहा वेगळी रूपे झाली. ही रूपे पुरुष, वचन व लिंग असे तीन भेद दाखवतात.

आता फ्रेंच 'पार्ले' म्हणजे बोलणे हे क्रियापद घ्या. ज्य पार्ल (मी बोलतो, बोलते), त्यु पार्ल (तू बोलतोस, बोलतेस), इल पार्ल (तो बोलतो), एल पार्ल (ती बोलते), नू पार्लों (आम्ही बोलतो), वू पार्ले (तुम्ही बोलता), इल पार्ल (ते बोलतात), एल पार्ल (त्या बोलतात). कानाला तीनच रूपे ऐकू येतात : पार्ल, पार्लों आणि पार्ले. लिंगाचा भेद क्रियापदात मुळीच नाही. तो 'इल' व 'एल' या सर्वनामांनी दाखवला जातो. तेव्हा त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे उत्तर असे की 'बोलतो' आणि 'बोलते' या दोहोंना फ्रेंचमध्ये एकच रूप पुरते.

हे उत्तर ऐकून तिचे समाधान होईना. "मग मुलगी बोलते आहे हे कळणार कसे?" तिची आजी ओट्यावर बसून ऐकत होती. तिला फ्रेंचचा गंध नव्हता, पण बोलण्याचा रोख तिच्या ध्यानी आला. ती म्हणाली, "मी बजारले जास, तू बजारले जास, तो बजारले जास, ती बजारले जास. आते सांग, काय समजत नही?"

अहिराणीचा आधार

आजीने जे सांगितले ते व्याकरणदृष्ट्या अत्यंत नेमके होते. खानदेशातील अहिराणीत साध्या वर्तमानकाळाची रूपे दोनच : एकवचनी 'करस' आणि अनेकवचनी 'करतस'. मी करस, तू करस, तो करस, ती करस. आम्ही करतस, तुम्ही करतस, त्या करतस. गावोगावी उच्चारात थोडाफार फरक पडतो, पण मांडणी हीच. कर्ता पुरुष की स्त्री, याची क्रियापद दखल घेत नाही; तीनही पुरुषी एकवचनात एकच रूप चालते. बोललेल्या फ्रेंचची घडण नेमकी अशीच आहे.

साम्य याहून पुढे जाते. दैनंदिन फ्रेंच संभाषणात 'नू' (आम्ही) या सर्वनामाऐवजी बहुधा 'ओं' हे सर्वनाम वापरतात. त्याचा अर्थ जवळजवळ आपल्या 'आपण'सारखा, परंतु क्रियापद मात्र एकवचनी घेतात : ओं पार्ल, म्हणजे आपण बोलतो. असे केले की नित्याच्या बोलण्यात 'पार्ल' आणि 'पार्ले' एवढी दोनच रूपे उरतात. अहिराणीतही दोन आणि बोललेल्या फ्रेंचमध्येही दोन! हे साम्य नात्यामुळे आलेले नाही, केवळ योगायोगाचे आहे. परंतु शिकणाऱ्याला योगायोगाचाही उपयोग होतो.

खानदेशातील अनेक मुलांना घरची बोली शाळेच्या उंबरठ्यावर ठेवून यावी लागते. 'मी जास' म्हटले की वर्गात हशा पिकतो आणि ते रूप 'अशुद्ध' ठरते. वास्तविक अहिराणीला स्वतःचे नियमबद्ध व्याकरण आहे. ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या १९०७ साली निघालेल्या खंडात 'खानदेशी' या नावाखाली तिच्या रूपांची स्वतंत्र नोंद घेतली गेली. प्रमाण मराठी उत्तम आलीच पाहिजे, यात दुमत नाही. परंतु जिला घरात दोन वर्तमानकाळ येतात, 'करते' हा एक आणि 'करस' हा दुसरा, तिच्याजवळ तिसऱ्या वर्तमानकाळासाठी लागणारी मनाची लवचिकता आधीच असते. तिला लाज वाटावी असे त्यात काही नाही.

लिंगभेद कोठून आला?

मराठी वर्तमानकाळात लिंग आहे आणि फ्रेंचमध्ये नाही, असे का व्हावे? 'करतो' हे रूप मुळात 'करत' या धातुसाधित विशेषणापासून झाले आहे. विशेषण लिंगाप्रमाणे बदलते, म्हणून 'करतो' व 'करते' असा भेद उरला. फ्रेंचचा वर्तमानकाळ मात्र लॅटिनच्या वर्तमानकाळी क्रियारूपांतून सरळ उतरला. त्यात पुरुष व वचन होते, लिंग नव्हते.

ज्ञानेश्वरीच्या मराठीतही असा लिंगविरहित वर्तमानकाळ आहे : मी करीं, तू करिसी, तो करी, ते करिती. तीच रूपे पुढे अर्थ बदलून 'तो रोज नदीवर जाई' अशा रीतिभूतकाळात स्थिरावली. म्हणजे फ्रेंचची पद्धत मराठीलाही एकेकाळी अपरिचित नव्हती. योगायोग असा की मराठीच्या या जडणघडणीचा पायाभूत अभ्यास एका फ्रेंच पंडितानेच केला. झ्यूल ब्लॉक यांचा मराठी भाषेच्या घडणीवरील फ्रेंच ग्रंथ १९२० मध्ये पॅरिसमध्ये प्रसिद्ध झाला व वासुदेव गोपाळ परांजपे यांनी त्याचा 'मराठी भाषेचा विकास' हा अनुवाद १९४१ मध्ये मराठी वाचकांना दिला. एक फ्रेंच माणूस आपली क्रियापदे इतक्या आस्थेने अभ्यासतो, तर आपण त्याची अभ्यासायला का कचरावे?

कान सोपा, लेखणी अवघड

फ्रेंच वर्तमानकाळ बोलण्यास सोपा असला तरी लिहिण्यास तसा नाही. विद्यार्थी अडखळतात ते येथेच. 'पार्ल' हे एकच ऐकू येणारे रूप लिहिताना तीन प्रकारांनी लिहावे लागते. नियमित क्रियापदांचे तीन वर्ग असे :

१. मूळ रूपाच्या शेवटी इ-आर असणारी क्रियापदे. बहुसंख्य फ्रेंच क्रियापदे या वर्गातील आहेत आणि नव्याने घडणारी क्रियापदेही येथेच भरती होतात. प्रत्यय अनुक्रमे : इ, इ-एस, इ, ओ-एन-एस, इ-झेड, इ-एन-टी. यांपैकी ओ-एन-एस (ओं) व इ-झेड (ए) हे दोनच ऐकू येतात. शेवटचे इ-एन-टी हे तर तीन अक्षरांचे असून पूर्णपणे मुके आहे. नवशिके ते 'पार्लेंत' असे वाचतात. ही चूक पहिल्या आठवड्यातच मोडून काढावी.

२. शेवटी आय-आर असणारी, 'फिनीर' (संपवणे) सारखी क्रियापदे. ज्य फिनी, त्यु फिनी, इल फिनी, नू फिनिसों, वू फिनिसे, इल फिनिस. प्रत्यय : आय-एस, आय-एस, आय-टी आणि अनेकवचनात मध्ये दोन एस घालून पहिल्या वर्गाचेच ओ-एन-एस, इ-झेड, इ-एन-टी.

३. शेवटी आर-इ असणारी, 'वाँद्र' (विकणे) सारखी क्रियापदे. ज्य वाँ, त्यु वाँ, इल वाँ, नू वाँदों, वू वाँदे, इल वाँद. प्रत्यय : एस, एस, तृतीयपुरुषी एकवचनात काहीच नाही, मग पुन्हा ओ-एन-एस, इ-झेड, इ-एन-टी.

यातून दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली ही की अनेकवचनाचे तीनही प्रत्यय सर्व वर्गांत एकच आहेत. ते एकदाच पाठ करावे लागतात. दुसरी ही की दुसऱ्या व तिसऱ्या वर्गात 'तो' आणि 'ते' यांतील फरक कानाला कळतो : एकवचनात 'फिनी', अनेकवचनात 'फिनिस', एकवचनात 'वाँ', अनेकवचनात 'वाँद'. अनेकवचनात मूळ धातूचे व्यंजन जागे होते, एकवचनात ते झोपलेले असते.

पहिल्या वर्गातही क्रियापद स्वराने सुरू होत असेल तर हा फरक ऐकू येतो. 'आबिते' म्हणजे राहणे. तो राहतो : इल आबित. ते राहतात : इल झाबित. 'इल' या अनेकवचनी सर्वनामाच्या शेवटी असलेला मुका एस पुढच्या स्वराला पाहून 'झ' असा उच्चारला जातो. संस्कृत संधी शिकलेल्या वाचकास हे सहज उमजेल.

अनियमितांचे कुटुंब

नियमित क्रियापदे संपली की अनियमितांची भीती सुरू होते; परंतु त्यांतही शिस्त आहे. 'असणे' या अर्थाचे क्रियापद पाहा : ज्य स्युई, त्यु ए, इल ए, नू सॉम, वू झेत, इल सों. प्रथमदर्शनी यांत एकसूत्रीपणा दिसत नाही. पण यांची लॅटिन पूर्वरूपे घ्या : सुम, एस, एस्त, सुमुस, एस्तिस, सुन्त. आणि शेजारी संस्कृत ठेवा : अस्मि, असि, अस्ति, स्मः, स्थ, सन्ति. 'सन्ति' आणि 'सुन्त' यांचे नाते सांगण्याची गरज नाही. आजचे फ्रेंच 'सों' हे त्याच घराण्यातील. येथील साम्य मात्र योगायोगाचे नाही. ते खऱ्या रक्ताच्या नात्याचे आहे.

'जवळ असणे' या अर्थाचे क्रियापद : जे, त्यु आ, इल आ, नू झावों, वू झावे, इल झों. येथे एक सूचना आवश्यक आहे. 'इल सों' म्हणजे ते आहेत आणि 'इल झों' म्हणजे त्यांच्याजवळ आहे. एका 'स' व 'झ'च्या फरकाने अर्थ पालटतो. तोंडी परीक्षेत याची सवय मोठ्याने वाचूनच होते.

'जाणे' या अर्थाचे क्रियापद : ज्य वे, त्यु वा, इल वा, नू झालों, वू झाले, इल वों. मूळ रूप 'आले' असे इ-आर अंती असूनही ते पहिल्या वर्गाप्रमाणे चालत नाही. 'वे' आणि 'आले' यांचा मेळ बसत नाही अशी तक्रार विद्यार्थी करतात. त्यांनी आपल्या 'जातो' आणि 'गेला' यांचा मेळ आधी बसवून पाहावा. फार वापरातील क्रियापदांत दोन धातू एकत्र नांदतात, ही गोष्ट आपल्याही घरची आहे.

अनेक अनियमित क्रियापदांत 'आम्ही' व 'तुम्ही' यांची रूपे एका बाजूस आणि उरलेली चार दुसऱ्या बाजूस, अशी वाटणी असते. 'पिणे' : ज्य ब्वा, त्यु ब्वा, इल ब्वा, इल ब्वाव हे चौघे एकीकडे, नू ब्युवों व वू ब्युवे हे दोघे वेगळे. 'येणे' या क्रियापदाचीही अशीच विभागणी आहे. सहा रूपे स्वतंत्र घोकण्यापेक्षा ही दोन गटांची खूण लक्षात ठेवावी.

अपवादांची यादीही लहानच आहे. 'नू' बरोबरचे रूप ओ-एन-एस ने संपत नाही असे क्रियापद एकच : सॉम. 'वू' बरोबरचे रूप इ-झेड ने संपत नाही अशी नित्याची तीन : झेत (आहात), फेत (करता), दीत (सांगता). 'ते' बरोबरचे रूप ओ-एन-टी ने संपते अशी चार : सों (आहेत), झों (जवळ आहे), वों (जातात), फों (करतात). ही आठ रूपे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावीत.

इंग्रजीची मध्यस्थी टाळावी

आता प्रयोगाचा विचार. आपल्याकडे फ्रेंच बहुधा इंग्रजीच्या द्वारा शिकवली जाते. त्यामुळे मराठी विद्यार्थी मनात आधी इंग्रजी वाक्य रचतो व त्याचे फ्रेंच करतो. या वळशाने कित्येक चुका होतात, कारण काही बाबतींत मराठी ही फ्रेंचला इंग्रजीपेक्षा अधिक जवळची आहे.

'मी तीन वर्षांपासून देवपूरला राहते' या वाक्यात आपण सरळ वर्तमानकाळ वापरतो. फ्रेंचही तोच वापरते : जाबित आ देवपूर दप्युई त्र्वा झाँ. इंग्रजीत मात्र येथे पूर्ण वर्तमानकाळाची जोडरचना करावी लागते. इंग्रजीच्या वाटेने जाणारा विद्यार्थी फ्रेंचमध्येही तशीच जोडरचना करतो आणि गुण गमावतो. मराठीत विचार केला असता तर चूक झालीच नसती.

'मी उद्या जाते' असे आपण भविष्यासाठी वर्तमानकाळात म्हणतो. फ्रेंचमध्येही ते चालते. गतकाळातील प्रसंग डोळ्यांपुढे उभा करण्यासाठी ऐतिहासिक वर्तमानकाळ दोन्ही भाषांत आहे. 'तू' आणि 'तुम्ही' हा आदराचा भेद 'त्यु' आणि 'वू' मध्ये जसाच्या तसा आहे. एकाच वडील व्यक्तीला 'वू' म्हणून अनेकवचनी रूप वापरणे आपल्याला शिकवावे लागत नाही. नकारासाठी क्रियापदाच्या दोन्ही बाजूंस 'न' आणि 'पा' येतात : ज्य न पार्ल पा, म्हणजे मी बोलत नाही. बोलताना पुष्कळदा 'न' गळतो आणि आपल्या 'नाही'प्रमाणे क्रियापदामागचा 'पा' तेवढा उरतो.

एके ठिकाणी मात्र सावध राहिले पाहिजे. 'मी वाचते' आणि 'मी वाचत आहे' असा भेद मराठीत व इंग्रजीत स्पष्ट आहे. फ्रेंचमध्ये दोहोंसाठी साधा वर्तमानकाळच पुरतो. क्रिया या क्षणी चालू आहे यावर भर द्यायचा असेल तरच 'आँ त्राँ द' ही शब्दयोजना करतात. 'आहे'चे भाषांतर करून क्रियापदाला जोडू नये.

अभ्यासाची पद्धत व स्वाध्याय

फ्रेंच शासनातर्फे दिल्या जाणाऱ्या 'डेल्फ' प्रमाणपत्राच्या परीक्षेत ऐकणे, वाचणे, बोलणे व लिहिणे या चारही अंगांची कसोटी लागते. म्हणून रूपे केवळ लिहून काढणे पुरेसे नाही. रोज एक क्रियापद घ्यावे. प्रथम ते मोठ्याने चालवावे, मग न पाहता लिहावे आणि मुक्या अक्षरांखाली रेघ ओढावी. तोंडाचा अभ्यास आधी व लेखणीचा नंतर, हा क्रम ठेवावा.

पुढील वाक्ये प्रथम स्वतः करून पाहावीत : (१) आम्ही मराठी बोलतो. (२) ती सहा वर्षांपासून फ्रेंच शिकते. (३) ते विद्यार्थी आहेत. (४) त्यांच्याजवळ पुस्तके आहेत. (५) तुम्ही काम संपवता.

उत्तरे : (१) नू पार्लों मराती. (२) एल आप्राँ ल फ्राँसे दप्युई सी झाँ. (३) इल सों एत्युद्याँ. (४) इल झों दे लीव्र. (५) वू फिनिसे ल त्रावाय.

त्या सायंकाळी विद्यार्थिनीने वहीत तीन रकाने आखले : एकात 'मी करते', दुसऱ्यात 'मी करस' आणि तिसऱ्यात 'ज्य फे'. मधल्या रकान्यातील रूपे आजीने सांगितली व नातीने लिहून घेतली. अहिराणीची रूपे वहीत लिहिण्याची तिची ती पहिलीच वेळ होती. वही मिटताना आजीने सहज भर घातली, "पन तो गया आनि ती गई." भूतकाळात मात्र अहिराणी लिंगभेद दाखवते. फ्रेंचमध्येही 'गेला' व 'गेली' यांच्या लेखनात तसाच भेद करावा लागतो. पण तो पुढच्या धड्याचा विषय आहे.